कारण : समुद्र पाहणे

आमच्या भंडारा जिल्ह्यात बाई घराबाहेर पडली की उंबऱ्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंत किमान चार जण तिला विचारतात, "कायले जाऊन राह्यली वं?" कुठे चाललीस हा प्रश्न नंतर येतो, कधीकधी येतही नाही. आधी कशाला. आणि या कशालाची उत्तरं ठरलेली आहेत. माहेरी कोणी आजारी आहे. मयत आहे. लेकीचं बाळंतपण आहे. दवाखाना. बँकेत आधार जोडायचं राहिलंय. देवाला जायचंय. तहसीलवर मोर्चा आहे. हे शेवटचं उत्तर आपल्या चळवळीनं भांडून मिळवलेलं, आणि अजूनही सगळ्या घरांत चालत नाही. यातलं एक तरी कारण पदराला बांधलेलं असलं की बाई हिंडू शकते. नसलं तर तिला कारण तयार करावं लागतं. किती जणींनी दातदुखीच्या नावाखाली भंडाऱ्याला जाऊन मैत्रिणीची भेट घेतली असेल, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तिच्याच गावातला पुरुष पानठेल्यावर दोन तास उभा असतो, त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू इथे कशाला उभा आहेस.

हे लिहायला निमित्त असं, की २०२४ च्या सप्टेंबरअखेर पवनी-लाखांदूर भागातल्या अकरा बायका आणि बारावी मी, अशा आम्ही मुंबईला जाऊन समुद्र पाहून आलो. परिषद नव्हती, शिबिर नव्हतं, कोणाचा दवाखाना नव्हता. समुद्र पाहायचा होता, एवढंच. जाण्याआधी महिनाभर आणि आल्यावर बराच काळ त्यावरून जी वादावादी झाली, घरात, गावात आणि आपल्याच संघटनांच्या बैठकांत, ती प्रवासाइतकीच सांगण्यासारखी आहे.

हेच दिवस का निवडले, ते आधी सांगते. धानाच्या मुलखात बाईचं वर्ष बांधीवर ठरतं. आषाढात पऱ्हे उपटायचे, रोवणी करायची, दिवसभर चिखलात वाकून. मग निंदण. हलकं धान दसरा-दिवाळीच्या सुमारास कापायला येतं, भारी धान त्यानंतर, आणि एकदा कापणी लागली की बांधणी, चुरणं संपेपर्यंत मान वर काढायला होत नाही. मधे भाद्रपदाचा शेवट आणि आश्विनाची सुरुवात, एवढे काय ते तीन-चार आठवडे बांधी बोलावत नाही. बिड्या वळणाऱ्या बाईला तेव्हाही सुट्टी नसते, तिचं सूप बारा महिने मांडीवर. पण तीसुद्धा म्हणते की याच दिवसांत जरा श्वास मिळतो. आमच्याकडे पोरी भुलाबाई बसवतात त्याही याच सुमारास. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई माहेरी राहायला येते. "तिले महिनाभर सुट्टी, मंग आपल्याले तीन दिवस कायले नाही?" असं बैठकीत एक जण बोलली आणि तिथून हा विषय सुरू झाला. आधी हसण्यावारी गेला. पुढच्या बैठकीत पुन्हा निघाला.

पैशाचं असं झालं की लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते ऑगस्टमध्ये जमा झाले, जुलै आणि ऑगस्ट मिळून तीन हजार. अकरापैकी नऊ जणींच्या खात्यात ते आले. या योजनेवर आपल्या संघटनांनी पुष्कळ टीका केली आहे आणि त्यातली बरीचशी मलाही पटते. निवडणुकीच्या तोंडावर ती आली. बिडीच्या हजारी मजुरीबद्दल सरकार गप्प आणि बहिणीला ओवाळणी, हे ढोंगच आहे. पण त्या तीन हजारांबाबत एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. रोवणीचे पैसे येतात ते बहुतेक किराण्याचं देणं फेडायला येतात, हातात पडायच्या आधीच गेलेले असतात. हे पैसे बाईच्या नावच्या खात्यात आले आणि त्यांवर आधीपासून कोणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. म्हणून तर गावातल्या पुरुषांना एवढी घाई झाली ते लिहायची. कोणी युरियाचं बिल पुढे केलं, कोणी मोटारसायकलचा हप्ता. एका घरात सासऱ्यांनी सांगितलं, "सरकारनं पैसे संसारासाठी दिले, मौजेसाठी नाही." सून म्हणाली, "मामंजी, सरकारनं तसं लिहून पाठवलं नाही." ही सून एरवी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही.

घरचा विरोध अपेक्षित होता. आपल्या माणसांचा विरोध जास्त टोचला. जिल्ह्यातल्या एका बैठकीत, ज्यांच्याबरोबर मी कित्येक वर्षं मोर्चे काढले अशा मैत्रिणी-मित्रांनी विचारलं: धानाला भाव नाही, गोसीखुर्दच्या पुनर्वसनाची कामं पडून आहेत, जिल्ह्यात बायकांच्या हाताला काम नाही, आणि संघटनेच्या बायका समुद्रावर फिरायला जाणार? लोक काय म्हणतील? एका भाऊंनी तोडगाही सुचवला. म्हणाले, जाताच आहात तर त्याला अभ्यासदौरा म्हणा, एखाद्या संस्थेला भेट द्या, अहवाल लिहा.

मी असे अभ्यासदौरे भरपूर केले आहेत. बचत गटाच्या बायकांना गाडीत बसवून तीनशे किलोमीटर दूर नेतात, गांडूळखताचा खड्डा दाखवतात, रांगेत उभं करून फोटो काढतात आणि रात्री परत. वाटेत धबधबा असला तरी गाडी थांबत नाही, कारण तो कार्यक्रमपत्रिकेत नसतो. मला त्या दौऱ्यांची टिंगल करायची नाही, त्यातून बायका घराबाहेर पडल्या. पण पाहा, तिथेही तीच अट आहे. नवऱ्याला कारण सांगायचं ते आता निधी देणाऱ्याला सांगायचं. बाईचा वेळ कोणाच्या तरी उपयोगाचा ठरला तरच तिला बाहेर सोडायचं. हे घरानं म्हटलं तर आपण त्याला पुरुषप्रधानता म्हणतो. संघटनेनं म्हटलं तर शिस्त म्हणायचं का?

आणि हो, धानाच्या भावासाठीचा मोर्चा आम्ही सोडला नाही. त्यालाही याच बायका असतात, पुढच्या रांगेत. वर्षातले तीनशे बासष्ट दिवस त्यांनी कोणासाठी तरी दिले, तर उरलेल्या तीन दिवसांचा जाब विचारायचा हक्क कोणाचा, हे मला त्या बैठकीत कोणी नीट सांगितलं नाही. शेवटी आमच्या गटाच्या ठरावाच्या वहीत सचिवबाईनं लिहिलं : सहलीचे कारण – समुद्र पाहणे. ती म्हणाली, ताई, एवढंच लिहू? म्हटलं, एवढंच.

नावं तेरा जणींनी दिली होती. दोघी आल्या नाहीत. एकीला नवऱ्यानं आदल्या रात्री सांगितलं, गेलीस तर परत येऊ नको. दोन लेकरं आहेत, ती काय करणार होती. दुसरीचं गाव १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दच्या धरणानं घेतलं, ती आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते. तिनं नाव दिलं होतं, मग काढून घेतलं. "तुमी जा ताई. मायं गाव पान्यानंच गिळलं, मी पानी पाहाले कायले येऊ?" तिला आग्रह करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

आमच्यातली सर्वांत मोठी, जिला सगळ्या आत्याबाई म्हणतात, सत्तरीच्या पुढची आहे. तिचा हिशेब ऐका. लाडकी बहीण पासष्ट वर्षांपर्यंतच, म्हणून तिला ते पैसे नाहीत. रेल्वेत अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना अर्धं भाडं माफ होतं, ती सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनाचं निमित्त करून थांबवली, आम्ही गेलो तेव्हाही सुरू झालेली नव्हती. एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पवनी ते भंडारा ती निम्म्या पैशांत आली, आणि पुढच्या नऊशे किलोमीटरला पूर्ण भाडं. आयुष्यभर रोवणी केलेल्या बाईला म्हातारपणी भंडाऱ्यापर्यंत जाता यावं, त्यापुढे नाही, अशी ही व्यवस्था. तिचं तिकीट आम्ही वर्गणी करून काढलं. तिनं ते फुकट घेतलं नाही. वाटेत सगळ्यांना पुरेल एवढा मुरमुऱ्यांचा चिवडा करून आणला.

विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून दुपारी निघते. आमच्या भंडारा रोड स्टेशनावर, म्हणजे वरठीला, आम्ही तिच्यात बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरलो. गाडीतला प्रवास मजेत झाला, त्यावर लिहीत बसत नाही.

उतरल्यावर पहिला धडा मिळाला. स्टेशनाजवळच्या एका लॉजवर फोन करून खोल्या सांगून ठेवल्या होत्या. दारात बारा बायका पाहून तिथल्या माणसानं विचारलं, "सोबत जेंट्स कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर खोल्या शिल्लक नाहीत असं निघालं. सगळ्यांची ओळखपत्रं होती, पैसे रोख होते. पुरुष नव्हता. मुंबईत असं होतं याचं आमच्या बायकांना फार नवल वाटलं. मुंबई म्हणजे बायका एकट्या राहतात, रात्री लोकलनं घरी येतात, असं त्यांनी ऐकलेलं. शेवटी परळच्या एका ओळखीच्या कार्यकर्तीनं तिच्या चाळीतल्या सभागृहात सोय केली. सतरंज्या, दोन पंखे आणि खाली नळ. बाकी काय पाहिजे.

उकाड्याबद्दल सांगायलाच हवं. आम्ही पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणारी माणसं, आम्हाला ऊन कोण शिकवणार, अशा तोऱ्यात बायका गेल्या होत्या. चार-पाच दिवसांपूर्वी, २५ सप्टेंबरला, मुंबईत प्रचंड पाऊस होऊन गेला होता आणि मग ऊन पडलं होतं. आमचं ऊन भाजतं, पण घाम वाळतो. इथे घाम वाळतच नाही. अंगाला चिकटलेलं लुगडं, मानेवर मीठ, रात्री बारालाही तसंच. मुंबईकर त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि ऑक्टोबर यायच्या आधीच सुरू करतात. "हे तर भात शिजवताना झाकन काढल्यावानी हाय," असं आत्याबाई म्हणाली. मला याहून बरं वर्णन सुचत नाही.

या उकाड्यात माणूस पाणी पितो आणि पाणी प्यायलं की पुढचा प्रश्न येतो. आमच्या निम्म्या बायका पहिल्या दिवशी पाणीच पीत नव्हत्या. गावाबाहेर पडल्यावर पाणी न पिण्याची सवय त्यांना लहानपणापासून आहे, बाजाराच्या दिवशी, मोर्च्याच्या दिवशी, तहसीलच्या पायरीवर. मुंबईत चौपाटीजवळच्या एका मुतारीवर बायकांकडून पाच रुपये घेत होते, शेजारी पुरुष फुकट जात होते. विचारलं तर म्हणाला, लेडीज आत किती वेळ लावतात. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटनांनी 'राइट टू पी' नावाची मोहीम याच प्रश्नावर चालवली, तेव्हा काही लोकांना ते नाव आणि तो विषय दोन्ही हलके वाटले होते. मला त्याहून जड विषय माहीत नाही. फिरण्याच्या हक्कावर कितीही भाषणं करा, मुतारी नसेल तर बाई तीन तासांत घरी परतणार. आमच्या पवनीच्या आठवडी बाजारात येणाऱ्या बायकांचंही हेच गणित असतं आणि त्यावर आपण अजून एकही मोर्चा नेलेला नाही.

आता समुद्र. गिरगाव चौपाटीवर आम्ही संध्याकाळी गेलो. बायका काय बोलतील याची मला उत्सुकता होती, पण बराच वेळ कोणी काही बोललंच नाही. मग दोघी-तिघी पाण्यात शिरल्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून, अगदी रोवणीला खोचतात तशी. चिखलात पाय रोवून उभं राहायची त्यांना सवय. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, एक जण बसकण मारून पाण्यात आपटली आणि मग जे हसू सुटलं ते थांबेना. बिडीवाली म्हणजे पन्नाशीची गंभीर बाई, बैठकीत कधी तोंड उघडत नाही. ती लाट आली की ओरडायची आणि गेली की मागे वळून आम्हाला पाहायची. तिचं एवढं मोठं तोंड उघडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, पुढचे दोन दात नाहीत हेही तेव्हाच कळलं.

आमच्यात एक ढिवर समाजातली बाई होती. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव, आता माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणतात, त्यांवर आमच्या ढिवरांची पोटं चालली. मासे धरण्याचा ठेका सोसायटीकडे जातो. सोसायटीच्या सभासदांच्या यादीत आमच्या भागात बायकांची नावं शोधावी लागतात; झिंगे पकडायला, मासोळी वाळवायला आणि टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव विकायला मात्र बायकाच. ही बाई पाण्याकडे बराच वेळ पाहत होती, आणि तिनं मला विचारलं, "ताई, याचा ठेका कोनाकडं हाय?" कोणाकडेच नाही म्हटल्यावर तिला खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं हट्टानं ससून डॉकला न्यायला लावलं. हा धक्का १८७५ चा. तिथे कोळणी लिलावात उभ्या होत्या, मोठ्यानं बोली लावत होत्या, व्यापाऱ्यांना झापत होत्या, नोटा मोजून कमरेला लावत होत्या. एका कोळणीनं हिच्याशी मासळीच्या भावाच्या गप्पा मारल्या. मरळ म्हणजे कसा मासा, खाऱ्या पाण्यात होतो का, किलोला काय पडतो, असं बरंच. दोघींची मराठी एकमेकींना अर्धी कळत होती.

पण तिथेच मागच्या शेडमध्ये बर्फात हात घालून कोळंबी सोलणाऱ्या बायका बसलेल्या होत्या. उकिडव्या, रांगेनं, बोटं पांढरी पडलेली, मापावर मजुरी. आमची बिडीवाली त्यांच्यापाशी थांबली आणि थेट विचारलं, "हजाराचे किती देतात?" मग हसून दुरुस्त केलं, "तुमच्यात किलोवर असंल." त्या बाईनं मान हलवली, हात थांबवला नाही. लिलावातल्या बाईचा फोटो छापायला सोपा असतो, म्हणून ही शेडमधली बाईही इथे लिहून ठेवते.

अकरापैकी तिघींनी मुंबई आधी पाहिली होती. या तिघीही बौद्ध वस्तीतल्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला त्या कितीतरी वेळा आल्या आहेत, डोक्यावर बोचकं, सोबत भाकरी, शिवाजी पार्कवर मांडवात रात्र काढून. विदर्भातल्या कितीतरी बायकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दादरला, बाबासाहेबांच्या दर्शनाच्या रांगेतून. १९५४ च्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्यानं बाबासाहेबांना पाडलं, ही गोष्ट या बायकांच्या घरात अजून खंत म्हणून सांगतात. घराबाहेर पडणं, रेल्वेत चढणं, अनोळखी शहरात रात्र काढणं याचा सराव आमच्या जिल्ह्यात आधी या बायकांनी केला, आणि सवर्ण घरांतल्या आम्ही पुष्कळ मागून आलो. हे चळवळीत आपण पुरेसं बोलत नाही. त्या तिघींनी आम्हाला चैत्यभूमीवर नेलं. गर्दी नव्हती. त्यातली एक म्हणाली, इथं मी कधी बसलीच नाही, दरवेळेस पोलीस पुढं चला म्हणतात. मग आम्ही वाळूवर दोन तास बसलो. काही केलं नाही.

काही न करणं बायकांना जमत नाही, हेही तिथेच दिसलं. दहा मिनिटांत एकीनं कोणाच्या तरी डोक्यातल्या उवा पाहायला घेतल्या, दुसरी पिशव्या आवरू लागली. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. मुंबईतली बाई रस्त्यावर दिसते खरी, पण ती कुठून तरी कुठे तरी जाताना दिसते; हातात पिशवी, कानाला फोन, काही ना काही कारण दाखवत. बिनकामाचं रेंगाळण्याचा हक्क तिला नाही आणि तो मागायला हवा, असं त्यात मांडलं आहे. ते शहरातल्या बायकांचं चोचलं आहे असं म्हणणारे मला आमच्याकडे भेटलेत. मला तर ते आमच्या पानठेल्याचंच वर्णन वाटतं. आणि आम्हाला जागा देणारी परळची मैत्रीण काय म्हणाली, ऐका. समुद्र तिच्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि ती चार वर्षांत चौपाटीवर बसलेली नाही. घर, लोकल, कचेरी, लोकल, घर. पश्चिम रेल्वेवर १९९२ साली फक्त बायकांची लोकल सुरू झाली तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण ती गाडीही कामाला जायला आणि स्वयंपाकाच्या वेळेला परतायला होती.

शेवटच्या रात्री सभागृहात त्या मैत्रिणीनं तिथल्या संघटनेच्या चार-पाच जणींना बोलावलं. गप्पांत कोणीतरी विचारलं, मुंबईत ही बायकांची चळवळ सुरू कशी झाली. त्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं मथुराची गोष्ट सांगायला घेतली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेला अत्याचार, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडणं, १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांचं खुलं पत्र, १९८० च्या जानेवारीत मुंबईत उभा राहिलेला बलात्कारविरोधी मंच, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत झालेली देशभरातल्या बायकांची परिषद, १९८३ चा कायद्यातला बदल. देसाईगंज म्हणताच आमच्या लाखांदूरच्या दोघी ताठ बसल्या. "म्हंजे वडसा?" त्यांचा बाजार वडशाचा, रेल्वे वडशाची. जिथे त्या लेकीला चपला घ्यायला जातात त्या गावातून हे निघालं, हे त्यांना तोपर्यंत कोणी सांगितलेलं नव्हतं. शेजारच्या तालुक्यात मी इतकी वर्षं शिबिरं घेते. तरी ते नाव त्यांना भिडलं ते नऊशे किलोमीटरवर, सतरंजीवर पाय पसरून बसल्यावर. त्या मथुराचं पुढे काय झालं, असं त्यांनी विचारलं. ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, कायदा बदलला, पण तिला न्याय मिळाला नाही.

हे सांगितलं की मग सहलीचा फायदा झाला ना, असं आमचे बैठकीतले भाऊ लगेच म्हणतात. अहवालाच्या सुरात म्हणतात. मी त्यांना तो अहवाल देणार नाही. वडशाची गोष्ट निघाली नसती, ससून डॉक पाहिला नसता, तरी त्या बाईचं पाण्यात आपटून हसणं पुरेसं होतं. धान्य, मजुरी, जमीन मागताना आपण त्याचा फायदा काय असं विचारत नाही.

परत आल्यावर सगळं गोड झालं नाही. एका घरात नवऱ्यानं बायकोचं पासबुक आणि एटीएम कार्ड आपल्याकडे घेऊन ठेवलं, पुढचे हप्ते मी काढीन म्हणून. आम्ही सात जणी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. भांडण केलं नाही, निवडायला लाखोळी घेऊन गेलो होतो, ती निवडत बसलो. दोन संध्याकाळी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं कार्ड दिलं, पासबुक दिलं नाही. ते अजून त्याच्या ट्रंकेत आहे आणि आमच्या बैठकीत तो विषय अजून खुला आहे. जिला आदल्या रात्री अडवलं होतं, ती आता बैठकीलाही येत नाही. तिच्या घरी आम्ही दोनदा गेलो, सासूनं ओसरीवरून परत पाठवलं. ती न येण्याला ही सहलच कारण झाली, असं काही कार्यकर्ते म्हणतात. मी म्हणते, तिला परत येऊ नको असं म्हणणारा माणूस कारण आहे. पण तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता आम्हाला सापडलेला नाही, हे खरं आहे, आणि वाचणाऱ्या मैत्रिणींपैकी कोणाला अशा घरात शिरण्याचा अनुभव असेल तर जरूर कळवा.

गटात आता फिरण्याची वेगळी भिशी सुरू आहे, महिना पन्नास रुपये. पुढच्या वेळी कुठे जायचं यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो मुंबईलाच, कारण ती कळली आहे. दुसरा म्हणतो, गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरला जाते, तिथून रत्नागिरीला एसटी, म्हणजे घाट उतरून समुद्रापर्यंतचं तिकीट अर्धं. हा हिशेब आत्याबाईनं मांडलाय. तिला लॉज नको आहे, ती म्हणते देवळाच्या धर्मशाळेत जागा बघा, तिथं बायकांना जेंट्स विचारत नाहीत. तारीख अजून ठरायची आहे, रोवणी कधी उरकते त्यावर.